म्हैस घेऊन तिसगावला

नगर जिल्ह्यात पाहण्यासारखं काय आहे असं मला कुणी विचारलं, तर मी आता तिसगावातल्या एका ओसरीचा पत्ता देईन. हसाल. आधी मीही हसले असते. मी मूळची रत्नागिरीची. घाट चढून वर आलं की पुढचा सगळा मुलूख सारखाच, उघडा आणि तहानलेला, अशी आमच्याकडे पक्की समजूत. त्यात मी निघाले ती देव पाहायला नाही आणि किल्ले पाहायलाही नाही. एक म्हातारा माणूस आणि एक म्हैस, एवढं सोबत घेऊन निघाले होते.

म्हैस म्हणजे डबल बेस. माणसाहून उंच, चार जाड तारांचं, व्हायोलिनच्या खानदानातलं सगळ्यात थोरलं वाद्य. जॅझमध्ये ते उभं राहून, बोटांनी तारा ओढून वाजवतात. माझे गुरू शमुवेल पारखे त्याला पहिल्यापासून म्हैस म्हणत आले. काळी, जड, खर्जात बोलणारी आणि दारातून आत घ्यायची तर आधी तिची मर्जी सांभाळायला लागणारी.

सरांचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, त्यात तुमचा दोष नाही. बेसवाल्याचं नाव कुणी ऐकत नाही. पण आज या देशात जो कुणी बेस वाजवतो, तो कळत नकळत सरांसारखी घसीट घेतो. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता, तार दाबून धरून, मातीतून नांगर ओढावा तसं हळूहळू जाणं. दिवसा सिनेमाची रेकॉर्डिंग, संध्याकाळी मुंबईच्या हॉटेलात जॅझ, अशी त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग परदेशांतले दौरे, आणि मग त्यांच्या स्वतःच्या रचना. त्यातल्या दोन गाजल्या. एकीचं नाव ‘पुणतांबा’, दुसरीचं ‘तिसगाव’.

‘तिसगाव’मध्ये एक गंमत आहे. बेस एक ओळ वाजवतो आणि थांबतो. पूर्ण शांतता. मग पुढची ओळ, पुन्हा शांतता. या शांततेवर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. मी स्वतः पुण्यात माझ्या विद्यार्थ्यांना ती शिकवते, तेही डोळे मिटून.

सावेडी

सर आता सावेडीत मुलीच्या फ्लॅटमध्ये राहतात. नवरात्रात त्यांचा फोन आला. “रत्नागिरी, तुझी गाडी घेऊन ये. म्हशीला बाहेर काढायचंय.” इतकी वर्षं शिकवूनही ते मला गावाच्या नावानंच हाक मारतात.

माझी गाडी म्हणजे जुनी व्हॅन. मागची सीट काढली की म्हैस आडवी मावते. लिफ्टमध्ये मात्र ती मावत नाही, म्हणून तिसऱ्या मजल्यावरून जिन्यानं उतरवली. समोरच्या स्टँडवरचे रिक्षावाले चहा हातात धरून बघत होते. पेटीचा आकार बघून एकानं टोपी काढली. सर त्याला म्हणाले, “घाला हो टोपी, जिवंत आहे.”

निघण्याआधी पोहे खाताना सरांनी खरं कारण सांगितलं. तिसगावहून सुमनचा फोन आला होता. सुमन म्हणजे भिवाआप्पांची सून, आणि भिवाआप्पा म्हणजे सरांचे तिसगावातले, लहानपणापासूनचे मित्र. आप्पा देवीचे आराधी. नवरात्रात घटापुढे बसून ते चौंडकं वाजवतात. चौंडकं म्हणजे लाकडाचं पोकळ नळकांडं, एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मधून निघालेली एकच तार. नळकांडं बगलेत धरायचं, एका हातानं तार ताणायची आणि दुसऱ्यानं छेडायची. ताण कमीजास्त केला की सूर चढतो, उतरतो, घसरतो.

“माझी घसीट कुठली, तर ही,” सर म्हणाले. “माझे वडील चर्चचे प्रचारक. घरात बाजाची पेटी. पण नवरात्रात मी भिवाच्या घटापुढे बसलेला असायचो. आई रागवायची आणि नाताळात त्याच्याच घरी करंज्यांचं ताट मलाच घेऊन पाठवायची.”

सुमन फोनवर काय म्हणाली ते सरांनी तिच्याच बोलीत सांगितलं. “आप्पांना आता कायच ऐकू येत न्हाई. ह्या दसऱ्याला चौंडकं मोहट्याच्या गडावर देवीला वाहून टाकनार म्हनत्यात. तुमी एकदा येऊन जावा.”

“आणि ‘तिसगाव’मध्ये मी थांबतो ना,” पोह्यातला शेंगदाणा बाजूला सारत सर म्हणाले, “ती भिवाची जागा आहे.”

मी चमचा खाली ठेवला.

“मी एक ओळ वाजवायची, त्याच्या चौंडक्यानं उत्तर द्यायचं, असं ते रचलंय. पण तो नवरात्रात घटापुढे आणि मी त्याच दिवसांत मुंबईत स्टेजवर. दसरा झाला की तो कोयता घेऊन ऊसतोडीला. मग पुढे वयं झाली. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी त्याची जागा तशीच मोकळी सोडली. म्हटलं, येईल कधीतरी.”

दोघं म्हातारे एकदा शेजारी बसून वाजवणार, एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो. मला उगाचच घाई झाली. गाडी सुरू करून मी तीनदा हॉर्न वाजवला आणि वॉचमन चिडला.

पुणतांबा

तिसगाव पूर्वेला. सरांनी मला गाडी उत्तरेला घ्यायला लावली. पुणतांबा त्यांचं आजोळ, आणि म्हैस बाहेर निघाली आहे तर तिला गोदावरीचं पाणी दाखवायलाच हवं, असा त्यांचा हट्ट. अष्टमीची सकाळ होती, म्हणून मी फार कुरकुर केली नाही.

पुणतांब्याला नदीकाठी दगडी घाट आहे, देवळं आहेत आणि आमच्या खाड्यांना माहीत नसलेला एक सुस्तपणा आहे. आमच्याकडे पाणी सारखं येजा करत असतं. इथे गोदावरी बसलेली होती. सर पायरीवर बसले आणि त्यांनी पाय पाण्यात सोडले. ‘पुणतांबा’ इतकी संथ का आहे, हे मला तिथे कुणी न सांगता कळलं.

तेवढ्यात एक ट्रॅक्टर आला. आधी आवाज आला, मग ट्रॅक्टर. मागे भल्यामोठ्या स्पीकरांची जोडी आणि त्यातून असा ठोका की घाटावरची कबुतरं उडाली. महाराष्ट्रात आमच्या बेसला खरा मान मिळाला असेल तर तो ट्रॅक्टरवाल्यांकडून, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. ट्रॅक्टरवाला पाण्याचा कॅन भरायला उतरला. चाळिशीचा, मिशीवाला, डोळ्यांवर गॉगल. व्हॅनमधली पेटी बघून थांबला.

“काय हाय ह्यात?”

“बेस,” सर म्हणाले.

“मंग किती वॅटचा हाय?”

“शून्य.”

त्याला ते पटलं नाही. मग काय, म्हैस बाहेर काढावी लागली. सरांनी घाटावर उभं राहून ‘पुणतांबा’ची पहिली ओळ वाजवली. त्यानं ट्रॅक्टर बंद केला, जवळ येऊन लाकडावर पंजा ठेवला आणि गॉगल वर केला.

“आयला, हे तर छातीत वाजतंय की! वायर न्हाई, काय न्हाई!”

मग त्यानं आपल्या स्पीकरांची माहिती दिली, सरांनी त्यांच्या तारांची दिली. दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, बेस नसला की गाणं वाऱ्यावर उडतं. शेजारी धुणं धुणाऱ्या बाईनं एकदाही मान वर केली नाही, हेही सांगून टाकते. निघताना ट्रॅक्टरवाल्यानं पिशवीभर पेरू दिले. राहात्याकडचे पेरू मी पहिल्यांदा खाल्ले. आतून पांढरे, इतके गोड की मीठ-तिखट लावायचा माझा बेत सरांनी पाप ठरवला.

वाटेत सर म्हणाले, “बेस लोकांना ऐकू येत नाही गं. थांबला की मात्र कळतं, काहीतरी गेलं म्हणून.” हे त्यांचं जुनंच वाक्य. वर्गात दर आठवड्याला ऐकलेलं. मी पेरू खात मान हलवली.

तिसगाव

नगर मागे टाकून करंजी घाट ओलांडला तेव्हा उन्हं कलली होती. बाजऱ्या निघून गेलेल्या, तुरी फुलावर आलेल्या, कपाशी उभी. आमच्याकडे घर झाडीत लपलेलं असतं, दारात जाऊन धडकेपर्यंत दिसत नाही. इथे घर लांबूनच दिसतं आणि घरातल्या माणसांना आपण. त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा भिवाआप्पा रस्त्यावर येऊन उभेच होते. पांढरी बंडी, कपाळावर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ.

“शम्या!”

एवढं म्हणून त्यांनी सरांना असं आवळलं की सरांचा चष्मा माझ्या पायाशी पडला.

पण त्यानंतरचा तास अवघड गेला. सर बोलायचे, आप्पा हसून म्हणायचे, “व्हय, व्हय.” सरांनी त्यांना तब्येत विचारली, तरी व्हय व्हय. बायको गेली त्याबद्दल विचारलं, तरी तसंच हसत व्हय व्हय.

“कानात घालायचं मशीन हाय, पर लावत न्हाईत,” सुमन म्हणाली. “त्यात नुसतं भांडी पडल्यावानी वाजतंय म्हनत्यात. आमी आपलं वरडून वरडून सांगतो.”

सुमन पन्नाशीची, खणखणीत बाई. शेत, गोठा, शिलाई मशीन आणि सासरा, सगळं एकहाती सांभाळते. तिनं रात्री शेंगोळी केली होती. हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या काड्या, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या, सोबत बाजरीची भाकरी. मी आमटीत कोकम शोधणारी बाई. डोळ्यांतून पाणी काढत मी तीन वेळा वाढून घेतलं आणि सुमनच्या मनात रत्नागिरीचं नाव मोठं केलं.

जेवताना बेत ठरला. दुसऱ्या दिवशी नवमी. संध्याकाळच्या आरतीआधी दोघांनी ओसरीवर वाजवायचं. दसऱ्याला घट उठले की चौंडकं उतरतं, मग ते या घरात कुणी छेडत नाही, आणि या वर्षी तर ते थेट गडावरच जाणार होतं. म्हणजे नवमी एवढाच दिवस हातात होता.

“आप्पांना ऐकू येईल का?” मी सरांना हळूच विचारलं. आप्पा शेजारीच बसले होते. हळू विचारायची गरज नव्हती, हे नंतर लक्षात आलं.

“माहीत नाही,” सर म्हणाले. “भीती वाटते गं मला.”

खंडेनवमी

सकाळी सर मला त्यांचं चर्च दाखवायला घेऊन गेले. लहानसं, कौलारू, अंगणात कडुनिंब. तिथल्या जुन्या ओळखीच्यांनी चहा पाजला, मग आणखी एका घरात चहा, मग तिसऱ्या घरात थालीपीठ. परत यायला दुपार झाली.

ओसरीवर पाय ठेवला आणि मी किंचाळले.

भिंतीला लागून कोयते, विळे, खुरपी, फवारणीचा पंप आणि शिलाई मशीन ओळीनं मांडलेलं. अंगणात धुतलेला ट्रॅक्टर. आणि ओळीच्या टोकाला, कोपऱ्याला टेकून, सगळ्यांपेक्षा उंच, आमची म्हैस. पेटीतून काढलेली, गळ्यात झेंडूचा हार, छातीवर हळदीकुंकवाची बोटं, पुढ्यात नारळ.

“पाण्यानं पुसलंय का?” माझ्या तोंडून पहिलं तेच निघालं.

“कोरड्या फडक्यानं पुसलंय ताई, मला काय कळत न्हाई व्हय?” सुमन म्हणाली. “आज खंडेनवमी. ज्याच्यावर पोट भरतं ते हत्यार पुजायचं. आमची समदी पुजली, सरांचंच तेवढं पेटीत पडून ऱ्हायलं असतं. बरं दिसलं असतं का?”

सर जिथे होते तिथेच उभे राहिले. मग जवळ जाऊन त्यांनी हार नीट केला. “इतक्या देशांत वाजवली हिला,” ते म्हणाले, “पूजा कुणी केली नव्हती.” माझा राग विरघळला. मोबाईल मात्र कुणी पूजेला लावला नव्हता, हे मी पाहून घेतलं. तो गप्प ठेवणं कुणालाच परवडलं नसतं.

आणि मग सुमननंच तोंडावर हात ठेवला.

“अगं बाई. सर, आता हे वाजवता यायचं न्हाई.”

एकदा हत्यार पूजेला लावलं की दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत त्याला कामाला लावायचं नाही, जागचं हलवायचंही नाही, अशी त्या घराची रीत. सासूनं पाळलेली, तिच्या सासूनं पाळलेली. आणि सोनं लुटून येईपर्यंत चौंडकं गडावर पोचलेलं असणार. आज चौंडकं वाजतं तर बेस गप्प, उद्या बेस मोकळा तर चौंडकं नाही. इतक्या वर्षांची जागा, आणि ती प्रेमानंच बुजवून टाकलेली.

सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी इचारायला पायजे हुतं. मला आपलं वाटलं, तुमचं हत्यार...”

“हत्यारच आहे ते. तू बरोबरच केलंस,” सर म्हणाले. “तुझ्या घरची रीत मोडून मला वाजवायचं नाही.” ते शांतपणे खाटेवर जाऊन बसले. मी त्यांना ओळखते. ते शांत नव्हते.

मी मात्र वाद घातला. सुमनला म्हटलं, चौंडकंही लाकूड आणि तार, हेही लाकूड आणि तार, मग त्याला एक न्याय आणि याला दुसरा का? ती म्हणाली, चौंडकं देवीचं, ते ह्याच दिवसांत वाजायचं. हे पोटापाण्याचं. खरंच होतं ते. सरांनी त्यावरच पोट भरलं होतं.

उन्हं ओसरीवरून खाली उतरली. तेवढ्यात भिवाआप्पा आतून चौंडकं घेऊन बाहेर आले. आमची ही सगळी चर्चा त्यांच्या गावीही नव्हती. त्यांनी ओळीकडे पाहिलं, मित्राचं वाद्य आपल्या कोयत्याशेजारी हार घालून उभं आहे हे पाहिलं आणि मनापासून खूश झाले. म्हशीच्या शेजारी खाली बसले, पाठ तिच्या बरगडीला टेकवली, चौंडकं बगलेत घेतलं.

“ये शम्या. लाव.”

सरांनी सुमनकडे पाहिलं. मीही सुमनकडे पाहिलं. रीत तिच्या घरची, सांगायचं तर तिनंच सांगायचं होतं. ती दोन पावलं पुढे गेली, तोंडाशी हात नेला, मोठा श्वास घेतला. आणि थांबली. आत घटापाशी दिवा तेवत होता. घटावरच्या मंडपीला बांधलेल्या कडाकण्या, देवीसाठी तळलेल्या त्या पातळ पुऱ्या, वाऱ्यानं हलत होत्या.

ती मागे वळली. “बसा सर. वाजवा.”

“अगं पण...”

“आप्पांना न्हाई म्हनायचं तर मला वरडावं लागंल,” पदरानं नाक पुसत सुमन म्हणाली, “आन् घटापुढं आमच्यात वरडत न्हाईत. हलवू तेवढं नका.”

म्हणून हलवली नाही. म्हैस कोपऱ्यात होती तशीच, हार घालून. सर तिच्या मागे अंग चोरून कसेबसे उभे राहिले. त्यांची बोटं कुंकवानं लाल झाली. त्यांनी ‘तिसगाव’ची पहिली ओळ वाजवली, ती लांब घसीट घेतली आणि थांबले.

जगभर ऐकलेली ती शांतता. मी श्वास रोखून चौंडक्याकडे बघत होते.

आप्पा हललेसुद्धा नाहीत.

सरांनी दुसरी ओळ वाजवली. पुन्हा थांबले. पुन्हा काही नाही. आप्पांचे डोळे मिटलेले, बोट तारेवर, पण तार गप्प. सरांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, झालं. उशीर झाला. आता आपण गाडी काढावी आणि या माणसाला घरी न्यावं. सरांनी तिसरी ओळ वाजवली, ती हलक्या हातानं, निरोप घेतल्यासारखी, आणि थांबले.

आप्पांनी डोळे उघडले.

“सारखा थांबतुयास का रं शम्या?”

सरांनी हातानं खूण केली, चौंडक्याकडे बोट दाखवलं. तुझी जागा. तू वाजव.

“आराध्यात कोन कुनासाठी थांबतंय व्हय? संगं वाजवायचं असतंय, इसरलास व्हय?” आप्पांनी पाठ म्हशीच्या बरगडीला आणखी घट्ट दाबली आणि मागे न बघताच हात वर करून सरांचं मनगट पकडून तारांवर ठेवलं. “पाठीतनं येतंय समदं. लई दिसांनी कुनीतरी बोलतंय माझ्याशी. थांबू नगं. तू थांबलास की मला कायच ऐकू येत न्हाई.”

सुमन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मला तिच्याकडे बघवलं नाही.

सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला घसीट संपली तिथे ते थांबले नाहीत, तसेच पुढे गेले, आणि त्या क्षणी खालून चौंडकं त्यांच्यात येऊन मिसळलं. उत्तर म्हणून नाही, बरोबर म्हणून. दोघांचे सूर सारखे नव्हते. जुळवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आत आरतीची वेळ टळून गेली, सुमननं कुणाला हाक मारली नाही, आणि सर थांबले नाहीत.